रेखाच्या पातळांची वाकळ

फाल्गुन निम्मा सरला की परभणीच्या उन्हाला धार चढते. परवा सकाळी शेजारणीने समोरच्या गच्चीवर धुतलेल्या वाकळा वाळत टाकल्या आणि माझी सकाळ नासली. वाळणारी वाकळ बघून लोकांना माया आठवते, ऊब आठवते. मला राग येतो. चौदा वर्षं झाली, हे दिवस आले की तो येतो आणि मृग लागेपर्यंत जात नाही. औषध नाही त्याला, आणि मी शोधलंही नाही.

यंदा त्यात गावाहून फोन आला. वैशालीचा. आमच्या गावच्या वाकळ मंडळाची ती आताची अध्यक्ष. शिकलेली, चुणचुणीत सून आहे. मी अंगणवाडीतून निवृत्त होऊन परभणीला लेकाकडे आले, त्यानंतर ती गावात आली. म्हणाली, "ताई, मंडळाला पंचवीस वर्षं व्हायलीत. छोटी पुस्तिका काढायलोत आमी. सुरुवातीचं तुमालाच ठावं. मी थोडं लिवलंय, वाचून दाखवू का?"

मी म्हटलं, वाच. तिने छान लिहिलं होतं. कौसाबाईंनी मंडळ काढलं, गावाने समाजमंदिर दिलं, महिलांनी एकजुटीने काम केलं. मग एक वाक्य आलं: 'काही कारणाने मंडळाचे काम दोन वर्षे बंद राहिले.' आणि लगेच पुढे प्रदर्शनं, बक्षिसं, सत्कार.

"वैशाली, ते 'काही कारण' काय होतं ठाऊक आहे तुला?"

"न्हाई ताई. इचारलं मी. कुणी सांगतच न्हाई. म्हनून तसंच लिवलं."

तिचा काय दोष? पण त्या दोन शब्दांनी माझ्या हातातला चहा गार झाला. एका बाईचा जीव दोन शब्दांत बसवला होता आणि वर पूर्णविराम दिला होता.

चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी पाऊण तासावर आमचं गाव. फाल्गुनात गावावर एकच वास असतो, उकडलेल्या हळदीचा. कढया दिवसभर धगधगतात, वाफेने डोळे चुरचुरतात, बायांची बोटं, नखं, पदर, सगळं पिवळं. जिच्या घरी हळद नाही तिच्याही केसांना तो वास लागतो. गहू-हरभरा घरात आलेला असतो, दुपार पायाला चटके देते, आणि त्या दुपारीच वाकळा शिवायला घ्यायच्या. पांघरायची गरज सरली की शिवायची सवड मिळते, असं या कामाचं उलटं गणित.

मंडळ हा शब्द नंतर कागदावर आला. आधी ती सावड होती. कौसाबाई, आमची कौसामाय, धनगराच्या घरची. शंभरेक मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. वर्षातले सहा महिने मेंढरांच्या वाड्याबरोबर रानोरान भटकायचं, त्यामुळे वाकळेची किंमत तिला आमच्यापेक्षा जास्त कळायची. एकटी बाई वाकळ शिवायला बसली की पंधरवडा जातो, पाठ मोडते. कौसामाय म्हणाली, "शेतात सावड करता, मंग सुईदोऱ्यात का न्हाई? आज माझ्या अंगणात, उद्या तुझ्या." घरटी एक बाई. अशा आम्ही अकरा जणी झालो. पुढे अंगण पुरेना, तेव्हा गावाने समाजमंदिराची किल्ली दिली. त्या थंड फरशीवर जुनी पातळं अंथरायची, काठ वेगळे काढायचे, थरावर थर रचायचे आणि चारी बाजूंनी बसून कडेपासून आत शिवत यायचं. जसजसं आत यावं तसे गुडघ्याला गुडघे लागतात. कौसामाय मधे उभी राहून थर बघायची. कुठं फुगवटा दिसला की पायाच्या अंगठ्याने दाबून सांगायची, "हितं हवा हाय. उसवा."

लोक म्हणतात, वाकळ शिवताना बायका मन मोकळं करतात. करतात, कोण नाही म्हणतं? पण मला दुसरीच गोष्ट आठवते. शिवताना सगळ्यांचे हात समोर असतात. तोंड पदराआड जाईल, नजर खाली राहील, हात मात्र कापडावरच ठेवावे लागतात. अकरा जणींचे बावीस हात. कुणाचाच लपत नाही.

रेखा मानवतची. गावातल्या मोठ्या घरात दिली होती. तिचा बाप तिथल्या जिनिंगमध्ये कामाला. लहानपणी सरकीच्या ढिगावर खेळलेली पोर. लग्न होऊन आली तेव्हा विशीची असेल. तिच्या सासूने तिला उंबऱ्याबाहेर पाठवलं नसतं, पण सावडीत घरटी एक बाई द्यावीच लागे आणि वाकळा तर त्यांनाही हव्या होत्या. म्हणून दुपारचे तीन तास रेखा आमची असायची.

रंगाचं तिला वेड. आम्ही हाताला येईल ते कापड लावायचो. ती दोन तुकडे शेजारी ठेवायची, डोळे बारीक करून बघायची, मग एक उचलून तिसराच ठेवायची. "ताई, ह्या जांभळ्याला एकटं वाटायलंय. जरा पिवळं द्या की त्याच्याजवळ." आम्ही हसायचो. पण तिने लावलेली वाकळ दोरीवर टाकली की रस्त्याने जाणारा माणूस थांबायचा. मंडळाला पुढे जी बक्षिसं मिळाली ना, ती तिने आखून दिलेल्या मांडणीवर. पुस्तिकेत तीच मांडणी 'मंडळाची खास शैली' म्हणून लिहिली आहे. त्या शैलीला नाव होतं, रेखा. आई होती, बाप होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या फाल्गुनात ती आली तेव्हा उजव्या हाताचं मनगट सुजून टम्म झालं होतं. सुई धरवेना.

"काय झालं गं?"

"वरवंटा पडला."

मनगटावर वरवंटा पडत नसतो. आम्हा अकराही जणींना, म्हणजे तिला धरून अकरा, ते कळलं. कौसामायने क्षणभर तो हात बघितला आणि दोऱ्याची रिळं तिच्यापुढे सरकवली. "तू आज निस्ता दोरा ओव." झालं. तेवढीच आमची माया. आठ दिवसांनी मानेवर डाग. मग कोपरापाशी. घरात कारण रोज नवं मिळायचं: भाजीत मीठ कमी, माहेरी फोन का केला, दोन वर्षं झाली तरी पाळणा का हलत नाही. ती कधी रडली नाही. रंग लावताना बोलायची मात्र थांबली. जे हाताला येईल ते जोडू लागली, आमच्यासारखं.

आणि आम्ही? "सासुरवास कुनाला चुकलाय?" एक म्हणाली. "पोरगं झालं की थांबंल," दुसरी म्हणाली. मी काहीच म्हणाले नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता. मला वाटायचं, मी कुटाळकी करत नाही, म्हणजे मी चांगली.

आता जे लिहिते ते मी कुणाला फार सांगितलेलं नाही. एका दुपारी सगळ्या उठून गेल्या. मी सुया मोजून डब्यात ठेवत होते. रेखा दारात थांबली होती. म्हणाली, "ताई, मला मानवतच्या गाडीत बसवून देता का? चुडाव्यापस्तोर नुस्तं संगं चला. पुढं मी जाते."

मी अंगणवाडीची ताई. गावात मला मान. माझ्याबरोबर ती निघाली असती तर वाटेत कुणी अडवलं नसतं. आणि मी काय म्हणाले? "त्यांची हळद उकडायची चाललीय. ऐन कामात गेलीस तर अजून चिडतील. हळद उरकू दे, मग जा. मी येईन तुझ्यासोबत."

ती म्हणाली, "बरं."

ते 'बरं' कसं होतं, हे सांगण्याची माझी पात्रता नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला.

पाय घसरला! आमच्याकडे बायांचे पाय फार घसरतात. जन्मभर घागरी घेऊन विहिरीच्या काठाने चालणाऱ्या बाया, पुरुषांचे पाय जिथं थरथरतात तिथून डोक्यावर ओझं घेऊन उतरणाऱ्या बाया, आणि नेमक्या सासर तापलं की यांचेच पाय घसरतात. अख्ख्या गावाने ते वाक्य तोंडपाठ केलं. पोलिस आले, पंचनामा झाला, आजूबाजूच्या बायांना विचारलं. "आमाला काय ठावं, साहेब." मलाही विचारलं. मी म्हटलं, "पोरगी चांगली होती." एवढंच. तिची आई मानवतहून आली तेव्हा सरण रचून तयार होतं. ती माउली जमिनीवर बसून एकच विचारत होती, "काल फोनवर बोलली की. काल तर बोलली की." आम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेच हात. मला आजही त्या हातांची किळस येते.

चैत्र आला. लिंबाला फुलोरा आला, कैऱ्या धरल्या, समाजमंदिराच्या दारात वाऱ्याने पिवळी पानं फिरत राहिली. आम्ही पुन्हा शिवायला बसलो. दहा जणी. रिकाम्या जागी एक सरकून बसली. इतकं सोपं असतं ते.

आणि वैशाखाच्या तोंडाला रेखाची सासू स्वतः आली. काखेत बोचकं. मुलाचं दुसरं लग्न ठरलं होतं. अजून दोन महिने झाले नव्हते. बोचकं फरशीवर टाकून म्हणाली, "नव्या सुनंसाठी दोन वाकळा शिवून द्या. पातळं चांगली हायती, नवीच म्हना की. वाया कामून घालायची?"

कौसामायने गाठ सोडली. वरच आंब्याच्या रंगाचं, हिरव्या काठाचं पातळ होतं. रेखाचं लग्नातलं. खाली निळं, ज्याच्या पदराला हळदीचा डाग होता. त्याखाली ते जांभळं. दहाही जणींनी ते ओळखलं. मला वाटलं, आता कौसामाय ते बोचकं बाईच्या अंगावर फेकणार.

ती म्हणाली, "ठिवा. शिवतो."

सासू गेली आणि आम्ही कौसामायवर तुटून पडलो. जिला दोन महिने कंठ फुटला नव्हता तिलाही फुटला. कौसामाय शांतपणे पातळांच्या घड्या मोडत बसली होती. म्हणाली, "वरडून झालं का? शिवायची. पर हिच्या सुनंला न्हाई. पोरीच्या मायला. बसा."

नऊ दिवस लागले. इतकी अबोल वाकळ आम्ही कधी शिवली नव्हती. रंग कसे लावायचे ते कुणाला सुचेना, कारण लावणारी नव्हती. दोन वेळा उसवून पुन्हा मांडलं. बोटात सुई गेली तर कुणी 'स्स' केलं नाही. मला त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा राग आला. आधी सासूचा, मग नवऱ्याचा, मग गावाचा, आणि आठव्या दिवशी कडेचा टाका घालताना माझा. तेव्हापासून तो माझ्याकडेच मुक्कामाला आहे.

दहाव्या दिवशी कौसामाय आणि मी चुडाव्याला गाडीत बसलो. वाकळ तिच्या मांडीवर. परभणी मागे पडली, मानवत रोडला उतरलो, तिथून रिक्षाने गावात. त्या वाटेवर मी एकदाही तोंड वर केलं नाही. या गाडीत जिला बसवून द्यायचं होतं तिची पातळं घेऊन मी चालले होते.

रेखाच्या आईचं घर दोन खोल्यांचं. तिने पाणी दिलं. कौसामायने वाकळ उलगडली आणि सांगितलं कशाची आहे. मला वाटलं होतं बाई रडेल, वाकळ छातीशी धरेल, आणि आमचा भार थोडा हलका होईल. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेले होते. तिने वाकळेला हातही लावला नाही. विचारलं, "बाई, तुमाला ठावं व्हतं का?"

कौसामाय म्हणाली, "व्हतं."

"मारायचे?"

"व्हय. दिसायचं."

"मंग हे मला कामून आनलं?" तिचा आवाज चढला नाही. "माझी पोर उघडी व्हती तवा कुनी पदर घातला न्हाई. आता वाकळ देता? मला नगं पांघरून. पोलिसात जाऊन सांगा, जे मला सांगायलात ते."

कौसामाय उठली. वाकळ तिथंच ठेवली. बाहेर येऊन मला म्हणाली, "बरुबर बोलली ती. चल."

आम्ही जबाब दिला. दहापैकी पाच जणींनी. उरलेल्या पाच जणींना घरच्यांनी कोंडलं म्हणा, त्यांनीच कडी लावून घेतली म्हणा. साहेबांनी सगळं नीट लिहून घेतलं. गावात दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला नवं कुलूप दिसलं. शिवायला ठेवलेल्या वाकळा आतच राहिल्या आणि उंदरांनी खाल्ल्या. माझ्या अंगणवाडीत लेकरं यायची बंद झाली. महिनाभर मी रिकाम्या पाटांपुढे बसून राहिले. कौसामायचे हाल त्याहून वाईट. तिच्या मेंढ्या रानात बसवून घ्यायला लोक आधी भांडायचे, लेंडीखताने जमीन सुधारते म्हणून. त्या वर्षी एकानेही वाडा बसवू दिला नाही. वाटेवरून कळप न्यायलाही मनाई. शेवटी मेंढरं विकून ती राणीसावरगावला लेकीकडे गेली. हे ते मंडळ दोन वर्षं बंद राहण्याचं कारण. गावाने मिळून दिलेली शिक्षा होती ती. पुन्हा उघडलं तेव्हा बाया बदलल्या होत्या, आणि गावाचं विसरणं पक्कं झालं होतं.

खटला तीन वर्षांनी उभा राहिला. समोरचा वकील आवाज न चढवता बोलायचा. त्याने मला एकच प्रश्न नीट विचारला. "बाई, तुम्ही सगळं डोळ्यांनी बघितलं म्हणता. मग पंचनाम्याच्या दिवशी का नाही बोललात? दोन महिने कुठं होतात?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

"आणि दोन महिन्यांनी भीती गेली?"

त्या एका फटीतून नवरा, सासू, सगळे बाहेर पडले. निर्दोष. आमची साक्ष उशिरा सुचलेली, म्हणून भरवशाची नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवर रेखाची आई माझ्या शेजारून गेली, थांबली नाही. लोक म्हणाले, तुम्ही निदान प्रयत्न केलात. या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो. ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी बोललो असतो तर ते सुटले नसते. आणि त्याच्या चार दिवस आधी मी चुडाव्यापर्यंत नुसती चालत गेले असते, तर कुणाला साक्षच द्यावी लागली नसती.

वैशालीचा फोन झाल्यावर मी बसून हे सगळं लिहून काढलं. शेवटी त्या फाल्गुनात समाजमंदिरात बसणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या दहा जणींची नावं घातली. पहिलं माझं. पाठवलं. दोन दिवसांनी तिचा आवाज बारीक होऊन आला. "ताई, मी रातभर झोपले न्हाई वाचून. पर हे छापू देनार न्हाईत मला. रेखाच्या सासरचंच पोरगं आता पंचायतीत हाय. एक-दोन ओळीत, जरा सौम्य..."

"सौम्य नाही होणार, वैशाली. छापायचं तर असंच. नाहीतर माझं नाव, कौसामायचं नाव, सगळं काढून टाक."

फोन ठेवला, पण कौसामायचं नाव मी परस्पर कसं काढणार? म्हणून काल गंगाखेडची गाडी धरली आणि तिथून राणीसावरगाव. ऐंशीच्या घरात आहे आता कौसामाय. डोळ्यांना कमी दिसतं, कान तिखट आहेत. लेकीने ओट्यावर सतरंजी टाकली. मी पानं वाचायला घेतली. ती भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. न्यायालयाचा भाग आला तेव्हा तिने मला थांबवलं.

"भीती लिवलंस?"

"हो. तसंच सांगितलं होतं ना आपण."

"खोटं हाय ते. वकिलाला तवाच कळलं व्हतं. कुनाची भीती? माझ्या घरात कोन यनार व्हतं मारायला? तुला कोन काय करनार व्हतं?" तिने चाचपत माझ्या हातातल्या पानांवर बोट ठेवलं. "मला वाटलं, लोकाची सून, लोकाचं घर. आपल्याला काय करायचंय. इतकंच वाटलं, मालन. भीती आसती तर बरं आसतं. ते लिव."

मी तिथंच भीती खोडलं आणि ती म्हणाली तसं लिहिलं. माझ्यापुरतंही तेच खरं होतं. चौदा वर्षं मी चांगला शब्द वापरत होते. पुढचं वाचून संपवलं. नावांची यादी वाचली. तिने एकेक नाव ऐकून मान हलवली आणि मग विचारलं, "पयलं तुझं कामून?"

"माझ्याकडे मागितलं होतं तिने, माय. गाडीत बसवून दे म्हणून."

"त्या पुस्तकात मंडळ कुनी काडलं म्हनून लिवलंय?"

"तुम्ही."

"मंग हितंबी पयलं नाव माझंच घाल," ती म्हणाली. "तू दुसरी."

लेकीने चहा आणून ठेवला. मी कागद मांडीवर घेतला आणि यादी नव्याने लिहायला बसले.